पैसे देताना बँकेने विचारलेच पाहिजे

बँकेच्या काउंटरवर पैसे काढायला गेलेल्या माणसाला "तुम्ही कोण?" असे विचारले, की आपल्याकडे पुष्कळांना राग येतो. "वीस वर्षांपासून खाते आहे, अजून ओळखत नाही का?" म्हणत आवाज चढतो. आणि विचारले नाही, की त्याच बँकेचे कौतुक सुरू होते: "आमच्या शाखेत घरच्यासारखे आहे. अब्बांची स्लिप मुलाच्या हाती पाठवली तरी पैसे मिळतात." या महिन्यात आम्हाला या कौतुकाबद्दलच बोलायचे आहे. जी शाखा अब्बांची स्लिप आणणाऱ्या मुलाला काही न विचारता पैसे देते, ती उद्या तशीच स्लिप आणणाऱ्या दुसऱ्या कोणालाही देईल. ज्याला आपण आपुलकी समजतो, तो पुष्कळदा निव्वळ सैलपणा असतो.

कोकणातून एका भगिनीने आम्हाला लिहिले आहे. पती कुवेतला. घरी सासूबाई आणि दोन मुले. दर महिन्याचा खर्च सासूबाईंच्या खात्यात येतो. गुडघ्यांमुळे त्यांना बँकेचा जिना चढवत नाही, म्हणून शेजारचा ओळखीचा मुलगा पासबुक आणि अंगठा उठवलेली स्लिप घेऊन जायचा आणि पैसे आणून द्यायचा. दोन वर्षे सुरळीत चालले. मग एकदा पासबुकात नोंदी छापून आणल्या, तेव्हा पाच वेळा अशी रक्कम निघालेली दिसली, जी घरात कोणी मागवलीच नव्हती. बँकेत चौकशी केली तर उत्तर मिळाले, "पासबुक होते, स्लिपवर अंगठा होता, मुलगा नेहमीचा होता. यात आमची काय चूक?"

भगिनी विचारतात, खरेच बँकेची चूक नाही का? आमचे उत्तर, आहे, आणि मोठी आहे. ती नेमकी कुठे, हे आधी समजून घेऊ. त्याबरोबर शाखा इतकी सैल का होते, हेही पाहावे लागेल. त्यात आपला सर्वांचा हात असतो.

एका कागदावर तीन नजरा

ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी बँकेतून पैसे काढले आहेत, त्यांना पितळी टोकन आठवत असेल. स्लिप किंवा चेक आधी एका कारकुनाकडे द्यायचा. तो जाडजूड लेजरमध्ये शिल्लक बघून टोकन हाती ठेवायचा. मग तो कागद अधिकाऱ्याकडे जायचा. अधिकारी नमुना सहीचे कार्ड काढून दोन्ही सह्या ताडून बघायचा. शेवटी कागद कॅशिअरच्या पिंजऱ्यात पोचायचा. तो टोकनचा नंबर पुकारायचा आणि समोर आलेल्या माणसाला विचारायचा, "किती रक्कम?" आकडा बरोबर सांगितला तरच नोटा पुढे सरकायच्या. तासभर जायचा, लोक वैतागायचे. पण एका कागदावर तीन माणसांची नजर पडायची.

संगणक आले आणि तीन टेबलांचे एक टेबल झाले. आता ठरावीक रकमेपर्यंत एकच कर्मचारी शिल्लक बघतो, सही बघतो आणि पैसेही देतो. रक्कम त्याच्या मर्यादेपेक्षा मोठी असेल तरच अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सोय मोठी झाली यात शंका नाही. खातेदाराची सही, आणि बहुतेक ठिकाणी फोटोही, त्याच्या पडद्यावर उघडता येतो. म्हणजे ओळख पटवण्याचे साधन पूर्वीपेक्षा चांगले आहे. फक्त ते उघडून, मान वर करून समोरच्या माणसाकडे बघितले पाहिजे.

तेवढेच राहून जाते. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनची रांग, दोन काउंटरपैकी एक बंद. कर्मचाऱ्याने एखाद्याला "ओळखपत्र दाखवा" म्हटले, की मागचे दहा जण कुरकुर करतात. त्यात एखादा माणूस रोजचा येणारा, चार जणांच्या स्लिपा भरून देणारा, साहेबांना चहा सांगणारा असतो. त्याच्या हातचा कागद बिनबोभाट पास होतो. अनोळखी माणसाला कोणीतरी निदान विचारते तरी. म्हणून अशा व्यवहारातली फसवणूक पुष्कळदा ओळखीच्या हातूनच होते.

स्लिप म्हणजे चेक नव्हे

आपल्या घरांत स्लिप आणि चेक यांत फारसा फरक केला जात नाही. व्यवहारात फरक मोठा आहे.

पैसे काढण्याची स्लिप खातेदाराने स्वतः पासबुक घेऊन बँकेत यावे, यासाठी असते. तशी सूचना बहुधा स्लिपवरच बारीक अक्षरात छापलेली असते. ती दुसऱ्याच्या हाती देऊन पाठवण्याची चिठ्ठी नव्हे. दुसऱ्याला पैसे द्यायचे असतील तर त्यासाठी चेक आहे.

चेकवर नाव लिहिण्याच्या रेघेच्या शेवटी "किंवा धारकास" या अर्थाचे शब्द छापलेले असतात. ते खोडले नाहीत तर तो बेअरर चेक. नाव कोणाचेही लिहा, काउंटरवर तो ज्याच्या हाती असेल त्याला पैसे मिळू शकतात. वाटेत हरवला तर ज्याला सापडेल तो काढू शकतो. ते शब्द खोडले की बँकेला नाव असलेल्या माणसाची ओळख पटवावी लागते. आणि डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या की काउंटरवर रोख मिळतच नाही, रक्कम खात्यातच जमा होते. पैसे कोणाच्या खात्यात गेले याचा माग त्यामुळे राहतो. शाळेची फी, दुकानदाराचे बिल, मदरशाची देणगी, असे चेक नेहमी रेघा मारूनच द्यावेत.

चेकसंबंधीचा आपला कायदा १८८१ सालचा आहे. बँकेने पैसे सद्भावनेने आणि हलगर्जीपणा न करता दिले असतील, तर त्या कायद्याने तिला संरक्षण मिळते. सद्भावना आणि सावधपणा, दोन्ही हवेत. "आम्ही चांगल्या मनाने दिले" एवढे सांगून बँकेची सुटका होत नाही.

आणि सहीच खोटी असेल तर? मग खातेदाराने पैसे द्यायला सांगितलेलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा एक निकाल या बाबतीत महत्त्वाचा आहे. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन हा तो खटला. कंपनीच्या चेकबुकांची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्या हिशेबनिसानेच खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले होते. रक्कम तीन लाखांहून अधिक होती. बँकेचे म्हणणे असे, की कंपनीने इतका काळ आपला हिशेब नीट तपासला नाही, म्हणून नुकसान तिनेच सोसावे. न्यायालयाने ते मानले नाही. खातेदाराने हिशेब तपासला नाही, एवढ्यावरून खोट्या सहीवर दिलेले पैसे त्याच्या नावे टाकता येत नाहीत, असा निकाल लागला.

हा निकाल वाचून कोणी पासबुक कपाटात टाकून निजू नये. कंपनीकडे वकील होते, कोर्टात वर्षानुवर्षे थांबायची ऐपत होती. आपल्या घरातल्या सासूबाईंकडे त्यातले काहीच नाही.

अंगठा आणि दोन साक्षीदार

आता कोकणातल्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. सही न येणाऱ्या खातेदाराने पैसे काढताना स्वतः बँकेत यावे आणि बँकेच्या माणसासमोर अंगठा उठवावा, ही जुनी रीत आहे. कारण सहीसारखा अंगठा नुसत्या डोळ्यांनी ताडून बघता येत नाही. स्लिपवर निळा ठसा आहे एवढेच दिसते, तो कोणाचा हे दिसत नाही. म्हणून घरी अंगठा उठवून पाठवलेल्या स्लिपेला, साक्षीदार नसतील तर, कागदापलीकडे किंमत नाही. बँकेने ती स्वीकारली, हीच तिची चूक.

मग ज्यांना बँकेत येताच येत नाही त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सूचना दिल्या आहेत. म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे खातेदार येऊ शकत नसेल, तर त्याचा हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. मात्र बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखला पाहिजे आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे. अंगठाही उठवता येत नसेल तर नुसती खूण चालते, साक्षीदार तसेच दोन. खातेदाराच्या वतीने पैसे कोण नेणार, हे त्याने बँकेला सांगायचे. त्या माणसाची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची आणि त्याची सही बँकेने घ्यायची. शिवाय सत्तर वर्षांवरील आणि अपंग किंवा दुर्धर आजाराच्या खातेदारांना घरपोच रोख देण्यासारख्या सेवा द्याव्यात, असेही रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे.

म्हणजे वाट आहे. ती मागावी लागते, लेखी अर्ज करावा लागतो, कधी दोन-तीन चकरा माराव्या लागतात. शेजारच्या मुलाला पाठवणे सोपे असते, म्हणून आपण ही वाट घेत नाही.

दोन साक्षीदारांची ही रीत आपल्याला परकी नाही. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्यावर साक्षीदार घेण्याबद्दल आहे. जो दुबळेपणामुळे स्वतः मजकूर सांगू शकत नाही, त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावा, याचीही काळजी तिथे घेतलेली आहे. साक्षीदार मागणे म्हणजे कोणाच्या ईमानावर शंका घेणे, असे आपण का समजतो, कोण जाणे. साक्षीदारामुळे पैशांचा मालक सुरक्षित राहतो. पैसे नेणाऱ्यावरही उद्या खोटा आळ येत नाही. त्या शेजारच्या मुलाचे पाहा. त्याने एक पैसाही घेतला नसेल, तरी आज तो ते सिद्ध कसे करणार?

भगिनीला आमचा सल्ला असा. सासूबाईंच्या नावाने शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्या पाच व्यवहारांच्या स्लिपांच्या नकला मागा. त्या दिवसांचे कॅमेऱ्यातले चित्रण जपून ठेवावे, असे अर्जात लिहा. ते कायम ठेवले जात नाही, म्हणून उशीर करू नका. ठसा सासूबाईंचा नाही असे दिसले तर पोलिसांत तक्रार द्या. ठशांची तपासणी तज्ज्ञ करू शकतात. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि हे सारे होईपर्यंत मोहल्ल्यात कोणाचेही नाव घेऊ नका.

बोट ठेवले की पैसे

बँकेचा जिना चढायला नको म्हणून अनेक घरांनी आता दुसरा मार्ग धरला आहे. नाक्यावरचे ग्राहक सेवा केंद्र किंवा गावात यंत्र घेऊन फिरणारा बँक मित्र. आधार क्रमांक सांगायचा, बँकेचे नाव सांगायचे, बोट ठेवायचे, पैसे घ्यायचे. कार्ड नाही, पिन नाही, मोबाइलवर येणारा ओटीपीही नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये २०२४ पासून खात्यात येऊ लागले, तेव्हापासून पूर्वी बँक न पाहिलेल्या कित्येक भगिनी या यंत्रापुढे उभ्या राहतात.

इथे ओळख यंत्र पटवते, त्यामुळे ती पक्की, असे आपल्याला वाटते. यंत्र फक्त बोट ओळखते. ते बोट कोणत्या रकमेसाठी, किती वेळा आणि कोणाच्या सांगण्यावरून ठेवले, हे यंत्राला कळत नाही. "ठसा नीट आला नाही, पुन्हा ठेवा" असे सांगून दोनदा पैसे काढले जातात. पावती दिली जात नाही. काही राज्यांत तर जमिनीच्या नोंदणी झालेल्या दस्तांवरचे बोटांचे ठसे उचलून नकली ठसे बनवले गेले आणि त्यांवर लोकांची खाती रिकामी झाली. दस्तात आधार क्रमांकही होता, ठसाही होता. चोराला आणखी काय हवे?

झारखंडमधली एक गोष्ट तर आपल्या समाजाने विसरू नये अशी आहे. २०२० मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस' या वृत्तपत्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीतील गैरव्यवहार उघड केला. घरी राहणाऱ्या मुलांना वसतिगृहात राहणारे दाखवून वर्षाचे १०,७०० रुपये मंजूर करून घेतले जात. दलाल, काही शाळांतली माणसे आणि बँकेची सेवा देणारे केंद्रचालक यांची साखळी होती. पालकांकडून आधार आणि बोटांचे ठसे घेऊन पैसे काढले जात आणि त्यांच्या हाती त्यांतले थोडेसे टेकवले जात. काही पालकांना तर ही सौदी अरबातून आलेली मदत आहे असे सांगितले गेले होते. ते बिचारे दुआ देत घरी गेले. पैसे त्यांच्याच मुलांच्या हक्काचे होते, त्यांच्याच बोटाने निघाले होते, आणि कागदोपत्री ओळख अगदी बरोबर पटलेली होती.

म्हणून या यंत्रापुढे काही गोष्टी पक्क्या ठरवा. बोट ठेवण्याआधी रक्कम यंत्रावर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी बरोबर न्या. पावती घेतल्याशिवाय उठू नका. व्यवहार फसला असे सांगितले तर फसल्याची पावती मागा आणि मगच पुन्हा बोट ठेवा. शिष्यवृत्ती, मदत, सर्वेक्षण, कशाच्याही नावाने दारावर येऊन कोणी ठसा मागितला तर देऊ नका. ज्यांना या यंत्रातून पैसे काढायचेच नसतात, त्यांनी आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. आधारच्या मोबाइल ॲपवर ते घरबसल्या होते, खर्च नाही, आणि गरज पडली तर तात्पुरते उघडता येते. १९४७ या क्रमांकावर आधारसंबंधी माहिती मिळते.

तरीही पैसे गेले तर थांबू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेत लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दल सांगितले आहे, की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार येत नाही. चूक बँकेचीच असेल तर मुळीच येत नाही. पण आपणच कोणाला पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

इथे मोबाइल क्रमांकाचा प्रश्न येतो. आपल्याकडे आईवडिलांच्या खात्याला बहुधा मुलाचा क्रमांक जोडलेला असतो. मुलगा दुबईला किंवा दोहाला जातो आणि इथले सिम बंद पडते. काही काळाने तोच क्रमांक कंपनी दुसऱ्या कोणाला देते. मग अम्मीच्या खात्यातून पैसे निघाल्याचा संदेश एखाद्या परक्या माणसाला जातो आणि अम्मीला काहीच कळत नाही. परदेशी जाण्याची तयारी करताना बॅग भरण्याआधी हे एक काम करून जावे.

नकाब आणि ओळख

काही भगिनींना अवघड वाटणारा एक प्रश्न आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. नकाब घातलेली स्त्री पासबुक घेऊन काउंटरवर येते. तेव्हा दोन प्रकारचे कर्मचारी भेटतात. एक संकोचतो, काही विचारत नाही, पैसे देऊन टाकतो. दुसरा भर रांगेत ओरडतो, "तोंड उघडा आधी." पहिला सभ्य वाटतो, दुसरा उद्धट. पण दोघेही चुकतात. दुसऱ्याने तिचा मान घालवला. पहिल्याने तिचे पैसे उघडे टाकले, कारण उद्या तिचे पासबुक घेऊन नकाबमध्ये कोणीही येऊ शकते.

बरोबर रीत अवघड नाही. आपण स्वतःच पुढे होऊन म्हणावे, "मॅडमना बोलवा, मी आत ओळख दाखवते." बँकेत स्त्री कर्मचारी असेल तर दोन मिनिटांत काम होते. नसेल तर व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये, बाजूला, होऊ शकते. साक्ष देताना किंवा ओळख पटवताना गरजेपुरता चेहरा दाखवण्याची मुभा फिकहमध्ये आहे, हे आपले आलिम सांगतातच. ओळख न विचारणाऱ्या बँकेपेक्षा अदबीने विचारणारी बँक भगिनींच्या जास्त कामाची.

मात्र एक अट आहे, आणि ती आम्ही ठासून सांगतो. विचारायचे तर सर्वांना विचारा. बाजारपेठेतला मोठा व्यापारी फोन करतो, "माणूस पाठवतो, पैसे द्या," आणि त्याच्या माणसाला कोणी नावही विचारत नाही. त्याच रांगेत निराधार योजनेचे पैसे घ्यायला आलेल्या बुरख्यातल्या बाईकडे आधार, पॅन, रेशनकार्ड, सगळे मागतात. याला तपासणी म्हणत नाहीत. ओळखीच्याला सूट आणि गरिबाला जाच, अशी ही रीत आहे. अशा वेळी "मला विचारू नका" असे म्हणू नये. "मला विचारता तसे त्यांनाही विचारा" असे म्हणावे.

मय्यतीनंतरचे कार्ड

एटीएम मशीन कोणालाच विचारत नाही. कार्ड आणि चार आकडे, एवढीच त्याची ओळख. म्हणून घरातला वडील माणूस वारला, की पुष्कळदा दफनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच त्याचे कार्ड बाहेर येते. "खर्च आहे", "बँकेला कळले तर खाते अडकेल", "पैसे आपलेच तर आहेत", अशी कारणे दिली जातात.

पैसे आपलेच नाहीत. मयताचा श्वास थांबला त्या क्षणी खात्यातली रक्कम वारसांची झाली. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर तिच्या मर्यादेत ती, आणि उरलेल्यात पत्नीचा, आईचा, मुलांचा आणि मुलींचाही ठरलेला हिस्सा. कार्ड थोरल्या मुलाच्या हाती असते आणि हिस्सा सासरी असलेल्या बहिणीचा जातो. चार महिन्यांनी ती विचारते तेव्हा, "होते ते खर्चात गेले," असे सांगतात. मशीनने विचारले नाही, म्हणून उद्या कोणीच विचारणार नाही, असे समजू नये.

नॉमिनीबद्दलही गैरसमज आहे. खात्यावर नॉमिनी म्हणून नाव असले की तो मालक होतो, असे लोक धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रामचंदर तलवार यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे, की बँक नॉमिनीला पैसे देते ते मालक म्हणून नव्हे. वारसांचा त्या पैशांवरील हक्क तसाच राहतो. नॉमिनीच्या हातात ती अमानत असते. म्हणून मृत्यूचा दाखला मिळताच बँकेला कळवा, कार्ड परत करा, आणि नॉमिनीमार्फत आलेली रक्कम वारसांसमोर मोजून वाटा.

घरात बसून करायची कामे

या महिन्यात एका संध्याकाळी सगळ्यांची पासबुके दस्तरखानावर काढा. शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर उद्याच छापून आणा. प्रत्येक खात्याला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडला आहे आणि तो चालू आहे का, हे तपासा. कोरे सह्या केलेले चेक किंवा स्लिपा कोणाकडे असतील तर मागून घेऊन फाडून टाका. "वेळेला बरे" म्हणून ठेवलेला सही केलेला कोरा चेक म्हणजे उघडे कपाट. एटीएम कार्डाच्या पाकिटावर पिन लिहिलेला असेल तर पिन बदला. वयोवृद्धांच्या खात्याला विश्वासू मुलाचे किंवा मुलीचे नाव जोडायचे असेल तर ते रीतसर जोडा आणि इतर भावंडांना सांगून जोडा, म्हणजे पुढे वाद होणार नाही. पतसंस्थेत पैसे असतील तर लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथे पोचत नाही. तिथे जास्त सावध राहा आणि पिग्मी एजंटाच्या पुस्तकातली नोंद दर आठवड्याला बघा.

आणि पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने किंवा मुलाने मान वर करून "खाते कोणाचे? तुम्ही त्यांचे कोण?" असे विचारले, तर कपाळाला आठी घालू नका. तिथे नसलेल्या कोणाच्या तरी पैशांची तो राखण करतो आहे. कधी ती तुमची अम्मी असेल, कधी सासरी असलेली बहीण, कधी परदेशात घाम गाळणारा भाऊ. सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हकदारांपर्यंत पोचवण्याची ताकीद आहे. हकदार कोण, हे विचारल्याशिवाय अमानत पोचणार कशी? ज्या शाखेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, तिथे तो आपणच विचारायला सुरुवात करू या. अल्लाह आपल्या घरांच्या हलाल कमाईची हिफाजत करो.